मागील बाकी

'सेकंडहँड' या शब्दाला मराठीत अजून धड शब्द सापडलेला नाही. 'जुना' म्हणावं, तर आमच्याकडे जुनं लोणचं आणि जुना तांदूळ, म्हणजे तो तर मान झाला. 'वापरलेला' म्हणावं, तर दुसऱ्याचा न धुतलेला शर्ट अंगात घातल्यासारखं वाटतं. आणि 'उष्टा' म्हटलं तर घरात कुणी वस्तूला हात लावायचं नाही. शिवाय गंमत अशी की, ज्याने घेतला त्याला तो नवा असतो. आणि ज्याने विकला त्यालाही तो एके काळी नवाच होता. दोघांनीही नवा म्हणूनच घरात आणलेल्या वस्तूला आपण जुनी म्हणतो.

खरं म्हणजे आपण मध्यमवर्गीय माणसं वाढलो ती सेकंडहँड वस्तूंवरच. पाचवीचं भूगोलाचं पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर तीन नावं होती आणि अरबी समुद्रात एक बोट होती. बोटीत काठी घेतलेले मुख्याध्यापक होते. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा आधीच ओढलेल्या होत्या. मी तेवढ्याच ओळी पाठ केल्या. म्हणजे भूगोलात काय महत्त्वाचं, याबद्दलचं माझं मतसुद्धा सेकंडहँड आहे, आणि कुणाचं आहे ते मला आजतागायत माहीत नाही.

पुढे कॉमर्सला गेलो. तिथे घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवल्या. पहिलीत दरवर्षी ठरलेली रक्कम वजा करायची; काही वर्षांनी वस्तूची किंमत शून्य होते आणि आपण तिला हिशेबातून मोकळं करतो. दुसरीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरलेले टक्के वजा करायचे. या दुसऱ्या पद्धतीची मौज म्हणजे किंमत कितीही घटली तरी शून्य कधी होत नाही. शंभर वर्षांनीही पैशाचा कुठलातरी बारीक अंश उरतोच. परीक्षेत हे गणित पाच मार्कांचं होतं. पण तो उरलेला अंश कुणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे आमच्या सरांनी सांगितलं नाही. तो प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिशीत, अकोल्याच्या जठारपेठेत, एका कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडला.

आधी कॅमेऱ्याची ओळख करून देतो. मी अमरावतीचा, नोकरी अकोल्याला, एका राष्ट्रीयीकृत बँकेत. क्लार्क म्हणून लागलो. २०२४ च्या करारात आम्हा क्लार्क मंडळींचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं झालं. खुर्ची तीच आहे, तिचा डावा हात पूर्वीसारखाच हलतो. तर आमच्या शाखेत पेन्शनसाठी येणारे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर कॅमेरा विकणार आहेत, असं कळलं. कॅनन पॉवरशॉट जी-१२. कंपनीने तो २०१० साली काढला. आकाराने खिशात मावेल म्हणावं तर मावत नाही, आणि गळ्यात घालावा तर लोक लग्नाचा फोटोग्राफर समजून जेवणाची वेळ विचारतात. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वर्गवारीत आमच्यासारखाच. छोट्यांत मोठा आणि मोठ्यांत छोटा.

"अहो, फोनमध्ये कॅमेरा नाही काय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"आहे."

"मग आणखी एक कायले पाहिजे?"

याला उत्तर नव्हतं. फोनचा कॅमेरा आपल्याला काही विचारतच नाही. तो चेहरा गोरा करतो, आभाळ निळं करतो आणि आपण मान डोलावतो. मला काहीतरी विचारणारा, निदान ताटकळत ठेवणारा कॅमेरा हवा होता. हे बायकोला सांगण्यासारखं कारण नव्हे. मी सात हजार रुपये मोजले आणि कारण पुढच्या महिन्यावर ढकललं.

कॅमेरा ताटकळत ठेवण्यात कमी पडला नाही. त्याच्या डोक्यावर उजवीकडे एकावर एक दोन चकत्या, डावीकडे आणखी एक, पुढच्या अंगाला बोटाखाली एक आणि पाठीवर एक. पहिले आठ दिवस मी फोटो काढत नव्हतो, तिजोरी उघडत होतो. डोळा लावायला एक लहानशी खिडकी आहे. पण तिच्यातून दिसतं ते जेमतेम तीन चतुर्थांश चित्र. फोटोत त्याहून जास्त येतं. म्हणजे बायकोचा फोटो काढावा आणि शेजारी वाळत घातलेल्या चादरी फुकट याव्यात. माहितीपुस्तकात लिहिलं आहे की हा कॅमेरा शून्य ते चाळीस अंश तापमानात वापरावा. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा मी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून नेतो आणि स्वतः तसाच जातो, कारण माझ्याबरोबर माहितीपुस्तक आलेलं नाही.

पण एका गोष्टीने मला या कॅमेऱ्याबद्दल आदर वाटू लागला. याच्या आजोबाला, म्हणजे २००८ च्या जी-१० ला, १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षी जी-११ आला तो फक्त दहा मेगापिक्सेल घेऊन, आणि जी-१२ नेही तोच आकडा ठेवला. कारण सरळ होतं. प्रकाश टिपणारी चकती तेवढीच. तिच्यात ठिपके जास्त कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि अंधारात चित्र कण्याकण्यांचं दिसतं. म्हणून ठिपके कमी केले. वाचकहो, दरवर्षी आकडा वाढवायच्या या जगात कुणीतरी जाहीरपणे आकडा कमी करून चीज सुधारली! आमच्या शाखेला दरवर्षी मिळणारं ठेवींचं टार्गेट ज्याने पाहिलं असेल, त्यालाच या घटनेचं मोल कळेल.

आणखी एक योगायोग. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी जी सीसीडी नावाची चकती या कॅमेऱ्यात आहे, ती कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली १९६९ साली. २००९ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. त्याच १९६९ साली आपल्याकडे चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षी अकोल्याला कृषी विद्यापीठ निघालं. कॅमेरा, बँक आणि कापूस या तिघांची जन्मपत्रिका एकाच वर्षाची. त्यातलं कापसाचं कलम पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मूळ मुद्दा. कॅमेरा घरी आला तेव्हा त्याची डावीकडची चकती शून्यावर नव्हती. अधिक दोन तृतीयांशावर होती. या चकतीचं काम समजायला मला एक रविवार लागला. कॅमेऱ्याला सारं जग सरासरी राखाडी असावं असं वाटतं. पांढरी भिंत दाखवली तर तो तिला राखाडी करतो; काळी म्हैस दाखवली तर तिलाही राखाडी करतो. खात्यातल्या सरासरी शिल्लकेसारखं हे. पांढऱ्याला पांढरं ठेवायचं असेल तर चकती अधिककडे फिरवावी लागते. म्हणजे आधीचे धनी काहीतरी पांढरं टिपत असत. मुख्य चकतीवर 'सी-१' नावाची जागा आहे. तिथे आपल्या आवडीची मांडणी साठवून ठेवता येते. ती लावली तर कॅमेरा एकदम कृष्णधवल झाला आणि अगदी जवळचं पाहू लागला. हा कॅमेरा एका सेंटिमीटरवरूनही फोटो काढतो. तेवढ्या जवळ तर आम्ही नोटसुद्धा धरत नाही.

मग मी माझं स्वतःचं नवं कोरं कार्ड घातलं आणि पहिला फोटो काढला. फोटो तुळशीचा होता. नंबर होता ४७१३.

मी चक्रावलो. कार्ड कोरं, फोटो पहिला आणि नंबर चार हजार सातशे तेरा. माहितीपुस्तक उघडलं. या कॅमेऱ्यात क्रमांकांची पद्धत 'सलग' ठेवली असेल, तर कार्ड बदललं तरी मोजणी कॅमेऱ्याच्या पोटात चालूच राहते, थेट ९९९९ पर्यंत. म्हणजे आधीचे ४७१२ फोटो माझ्याकडे नव्हते. पण ते होते, एवढी नोंद मात्र माझ्याकडे आली होती. बँकेतल्या माणसाला हे ताबडतोब समजतं. जुनं लेजर भरलं की नव्याच्या पहिल्या ओळीत लिहायचं : मागील बाकी पुढे आणली. पान नवं असतं, बाकी नवी नसते.

हे फक्त कॅमेऱ्याचंच नाही. अमरावती-अकोला रस्त्याचं पाहा. तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग सहा होता. २०१० च्या फेरक्रमांकात त्रेपन्न झाला. २०२२ च्या जून महिन्यात त्याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर सलग टाकून गिनेस बुकात विक्रम नोंदवला. नंबर नवा, डांबर नवं, विक्रमसुद्धा नवा. तरी आमच्या अप-डाऊनवाल्या मंडळींच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च. डांबराखाली जुना रस्ता आहे हे पायांना माहीत असतं.

क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करायची सोयही कॅमेऱ्यात आहे. एक बटण दाबायचं. मी ते दाबलं नाही. त्यात थोर विचार नव्हता, ४७१३ हा आकडा मला भारदस्त वाटला, एवढंच. पण खरा पेच पुढेच होता.

कॅमेऱ्याच्या पिशवीच्या चोरकप्प्यात मास्तरांचं जुनं कार्डही आलं होतं. लावून पाहिलं तर रिकामं; त्यांनी ते पुसून दिलं होतं. दुपारी डबे उघडले असताना मी हे सहज बोललो. आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी आहेत, कॉम्प्युटरवाले. ते म्हणाले, "रिकामं नसतं ते. पुसलं म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडली. पानं तशीच असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं नसेल तर सॉफ्टवेअरने बरंचसं परत काढता येतं. आणा उद्या, अर्ध्या तासाचं काम."

जेवण थांबलं. खरं सांगायचं तर रोलच्या काळात हा प्रश्न नव्हता. छत्तीस फोटोंचा रोल धुतला की निगेटिव्ह कायमची. नको असलेला माणूस काढायचा तर कात्री घ्यावी लागे, आणि ग्रुप फोटोत भोक पडे, ते साऱ्या घराला दिसे. पण कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा चित्र साठवलं ते कॅसेटच्या टेपवर. एकेका चित्राला तेवीस सेकंद लागत. टेप म्हणजे पुसून पुन्हा भरण्याची वस्तू. पुसण्याची सोय या विद्येच्या अंगात जन्मापासून आहे. मात्र पुसलेलं पुरतं पुसलं जात नाही, हे पुसणाऱ्याला कुणी सांगत नाही.

कॅशियर म्हणाले, "तुम्ही विकत घेतलं ना? पैसे मोजले ना? मग कार्ड तुमचं, त्यातलं सारं तुमचं. शेत घेतल्यावर विहीर सोडून घेते काय कोणी?"

दुसऱ्या एका सहकाऱ्याला त्या कृष्णधवल मांडणीत मोठं दुःख दिसत होतं. "काहीतरी असंल बाप्पा त्या माणसाच्या आयुष्यात. पाहूनच घ्या एकदा."

आमचे शिपाईबुवा हात धुऊन आले आणि म्हणाले, "लोकाईच्या पेटीत हात कायले घालाव? त्याईनं पुसलं म्हंजे त्याईले दाखवाचं नाही. बस."

अर्धा भाग शिपाईबुवांनी सोडवला. मास्तरांनी मला कॅमेरा विकला, कार्डही विकलं. पण जे त्यांनी पुसलं ते विकलं नव्हतं. विहीर विकताना ती दिसत असते. जे विकणाऱ्याच्या मते उरलेलंच नाही, त्याचा सौदा कसा होणार? शिवाय राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात तेरावं कलम गुप्ततेचं आहे. कुणाच्या खात्यात काय, हे आम्हाला रोज दिसतं आणि घरी जाताना आम्ही ते काउंटरवर ठेवून जातो. पंधरा-वीस वर्षं हे केलं की न पाहण्याचीसुद्धा सवय होते.

पण अर्धा भाग उरला, आणि तो अवघड होता. मास्तरांनी कार्ड पुसलं ते नको होतं म्हणून, की विकताना पुसतात असं कुणी सांगितलं म्हणून? पहिलं असेल, तर पुसलेलं परत येतं हे त्यांना सांगणं म्हणजे बसलेली धूळ उडवणं. दुसरं असेल, तर न सांगणं ही चोरी. पाहायचं नाही एवढं ठरवून मी सज्जन होऊन बसलो असतो; आणि मास्तरांची चीज माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली असती, तीही त्यांना ठाऊक नसताना. सज्जनपणाचा हा प्रकार फार स्वस्तात पडतो.

उत्तर मला लॉकरच्या खोलीत मिळालं. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक ग्राहकाची. आम्ही आपली किल्ली आधी फिरवतो आणि बाहेर निघून जातो. मग ग्राहक त्याची फिरवतो. एकट्या किल्लीने लॉकर उघडणं हा गुन्हा. पण ग्राहक आल्यावर आपली किल्ली खिशातच ठेवणं, हाही गुन्हाच. पुसलेलं परत येतं ही माहिती म्हणजे बँकेची किल्ली. ती फिरवायची आणि बाहेर व्हायचं.

संध्याकाळी फोन लावला.

"नमस्कार सर. मी अमरावतीचा, कॅमेरा घेतला तो."

"बोला, बोला. बिघडला काय?" सेकंडहँड वस्तू विकणाऱ्याचा हा पहिला प्रश्न असतो.

"नाही सर, उत्तम चालतो." मग मी कार्डाचं सांगितलं. जेवढं मला कळलं होतं तेवढं.

पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

"पुसलेलं वापस येते म्हणता?"

"सगळंच येईल असं नाही. पण बरंचसं येतं म्हणतात. त्याच्यावर नवीन फोटो काढले नाहीत तर."

"तुम्ही काढले काय?"

"नाही. पाहिलंही नाही."

"भाचा म्हणे, विकताना पुसाव लागते. म्हणून पुसलं." पुन्हा पंखा. "त्यातले काही पुसायचेच होते. काही नव्हते. एकदम सगळेच गेले, तं म्हटलं चला, निवडायची कटकट गेली." मग म्हणाले, "आणून द्या कार्ड. घाई नाही."

मी सोमवारी नेऊन दिलं. मास्तरांनी ते भिंगाखाली पाहिलं, जणू फोटो वरूनच दिसणार होते, आणि कंपासपेटीत रबराशेजारी ठेवलं. तो तरुण अधिकारी येऊन काढून देईल, असं मी सांगितलं. "पाहू," म्हणाले. त्यानंतर त्यांनी ते काम केलं की नाही, मी विचारलेलं नाही. किल्ली फिरवून बाहेर पडलेल्या माणसाने दाराशी रेंगाळायचं नसतं. चहा घेताना ते स्वतःच एवढं म्हणाले, "आहे तिथं आहे. निवडाचं का नाही ते माह्याच हाती आहे. एवढं कळलं, बस झालं."

निघताना मात्र मी न राहवून सी-१ चं विचारलं.

"ते होय?" मास्तर खुलले. "कापसाच्या बोंडाचं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना छायाप्रकाश शिकवायचा तर पांढऱ्या वस्तूसारखी वस्तू नाही. पांढऱ्यात सावली दिसली म्हणजे चित्रकला आली. रंगीत फोटो दाखवला की पोरं रंगच पाहतात. तुम्हाला नको असंल तर काढून टाका ते, तुमचा कॅमेरा आहे."

काढलं नाही. तुळस, नात्यातली लग्नं आणि चिखलदऱ्याचं धुकं मी दुसऱ्या मांडणीत काढतो. सी-१ तसंच आहे. मागच्या दिवाळीत एका शेतात बोंडं फुटलेली दिसली, तेव्हा ते लावलं, डावी चकती अधिक दोन तृतीयांशावर नेली आणि एका सेंटिमीटरवरून फोटो काढला. पांढऱ्यात सावली दिसली. महत्त्वाच्या ओळीखाली रेघ आधीच ओढलेली होती. या वेळी ती कुणी ओढली, हे मला माहीत होतं.

कॅमेऱ्याचा आकडा आता सहा हजारांच्या घरात आहे. ९९९९ झाले की तो पुन्हा एकपासून मोजू लागतो, असं माहितीपुस्तक म्हणतं. तेव्हा हा कॅमेरा माझ्याकडे असेल की आणखी कुणाकडे, सांगता येत नाही. विकायची वेळ आलीच, तर घेणाऱ्याला तो चालू करून दाखवीन, चकत्या समजावून देईन आणि कार्डावरचं काय ठेवायचं, काय नाही, ते आधी बसून निवडीन. किंमत मात्र सात हजारांच्या खाली सांगणार नाही. घसारा दुसऱ्या पद्धतीने काढला आहे.